रोज पिस्तूल बाळगायचं तर आधी ते कुठे ठेवायचं नाही हे ठरवा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ह्यूस्टनजवळ केटीला तुमचं स्वतःचं दातांचं क्लिनिक आहे, ते बंद करायला रात्रीचे आठ वाजतात, मागच्या पार्किंगमध्ये मध्यंतरी गाड्या फोडल्या गेल्या. ग्रीन कार्ड गेल्या वर्षी आलं आणि आता स्वसंरक्षणासाठी रोज पिस्तूल जवळ ठेवायचा विचार आहे. घरात चार आणि नऊ वर्षांची मुलं आहेत, शिवाय एच-वन-बीवर आलेला धाकटा भाऊ सध्या तुमच्याकडेच राहतो. कोणतं पिस्तूल घ्यावं, पर्समध्ये ठेवलं तर चालेल का, आणि चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाची जागा, जिथून गोळी झाडली जाते) गोळी ठेवावी का, हे तुम्ही विचारलंय.

मी टेक्ससमध्ये हँडगनचं प्रशिक्षण देते, लायसन्स टू कॅरीचे, म्हणजे पिस्तूल बाळगण्याच्या राज्याच्या परवान्याचे, वर्ग घेते. वर्गात येणाऱ्या बहुतेक बायका याच क्रमाने विचारतात. मी उत्तर उलट्या क्रमाने देणार आहे, कारण कोणतं पिस्तूल हा यातला सर्वांत सोपा भाग आहे.

पिस्तूल बाळगणाऱ्या बहुसंख्य लोकांवर ते झाडायची वेळ आयुष्यात येत नाही. पण ते कमरेला लावणं, काढणं, लावून गाडीत बसणं, बाथरूमला जाणं, मुलांना उचलून घेणं, रात्री घरी येऊन ते कुठेतरी ठेवणं हे रोजचं असतं. अपघात होतात ते याच वेळी, आणि गोळी लागते ती आपल्याला किंवा आपल्याच माणसाला. म्हणून माझ्या वर्गात पहिल्या तासाला एकच नियम घोटून घेते: पिस्तूल एकतर आपल्या अंगावर होल्स्टरमध्ये (पिस्तुलाच्या म्यानात), नाहीतर कुलूपबंद सेफमध्ये. तिसरी जागा नाही. उशीखाली, ड्रॉवरमध्ये, फ्रिजवर, गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये, पर्समध्ये: या सगळ्या तिसऱ्या जागा. पुढे जे लिहितेय ते सगळं या नियमाला धरून आहे.

आधी कायदा, कारण चूक झाली तर त्याचा फटका आपल्या लोकांना इथल्यांपेक्षा जबर बसतो. टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या, कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. ही बातमी व्हॉट्सअॅपवर फिरते तेव्हा त्यातलं ‘बंदी नसलेल्या’ एवढं नेमकं गळून पडतं. फेडरल कायद्याप्रमाणे नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक आणि गोळ्या, दोन्ही जवळ ठेवायला मनाई आहे. एच-वन-बी, एच-फोर, एल-वन, एफ-वन सगळे त्यात आले. शिकारीचा वैध परवाना असणं वगैरे मोजके अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर कुणी परस्पर निर्णय घेऊ नये, वकिलाला विचारावं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला १५ वर्षांपर्यंत कैद आहे.

म्हणजे तुम्ही पिस्तूल घेऊ शकता, तुमचा भाऊ नाही. ‘जरा धरून बघ’ म्हणून त्याच्या हातात देणंही नको आणि शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर नेऊन भाड्याच्या पिस्तुलाने चार गोळ्या मारायला लावणंही नको. भारतातून आलेल्या पाहुण्यांना मोठ्या हौसेने रेंजवर नेलं जातं, तेव्हाही हाच प्रश्न उभा राहतो. पिस्तूल प्रत्यक्ष हातात नसलं, पण हवं तेव्हा घेता येईल अशी सोय आणि तसा इरादा असला, तरी कायदा ताबा धरू शकतो. म्हणून सेफचा कोड भावाला ठाऊक असता कामा नये, आणि सेफ तुमच्या खोलीत हवी, हॉलमधल्या कपाटात नको.

ग्रीन कार्डवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. बंदुकीसंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या ग्रीन कार्डधारकाला देशाबाहेर काढता येतं. अमेरिकन नागरिकाला जिथे दंड आणि थोडीफार शिक्षा भोगून सुटता येईल, तिथे तुमचं इथलं घर, क्लिनिक, मुलांची शाळा सगळंच पणाला लागतं. त्यामुळे ‘इथे चालतं बहुतेक’ हे उत्तर तुमच्यासाठी नाही. प्रत्येक जागेचं नक्की उत्तर माहीत हवं.

परवाना लागत नसला तरी लायसन्स टू कॅरी घ्याच. शाळेच्या आवारापासून १००० फुटांच्या आत रस्त्यावर बंदूक बाळगायला फेडरल कायद्याची मनाई आहे आणि राज्याचा परवाना असलेल्याला त्यातून सूट आहे. केटीसारख्या गावात, जिथे दर वळणावर शाळा आहे, ही सूट नसेल तर रोजच्या येण्याजाण्यातच गुन्हा घडू शकतो. (शाळेच्या इमारतीत पिस्तूल न्यायचं नाहीच, परवाना असला तरी.) दुसरा फायदा असा की टेक्ससचा परवाना बऱ्याच राज्यांत मानला जातो. परवान्यासाठी चार ते सहा तासांचा वर्ग, लेखी परीक्षा आणि ५० गोळ्यांची नेमबाजी असते: ३, ७ आणि १५ यार्डांवरून, २५० पैकी १७५ गुण म्हणजे उत्तीर्ण. प्रशिक्षक म्हणून सांगते, ही परीक्षा सोपी आहे. ती पास झालात म्हणजे रस्त्यावर पिस्तूल बाळगायला तयार झालात, असं समजू नका.

आता पर्स. नको, ताई. पर्समध्ये पिस्तूल ठेवणं मी कुणालाच सुचवत नाही, त्यासाठी वेगळा कप्पा असलेली महागडी पर्स असली तरी नाही. ३० डिसेंबर २०१४ ला आयडाहोतल्या हेडन गावी, वॉलमार्टमध्ये, एका तरुण आईच्या पर्समधलं पिस्तूल तिच्या दोन वर्षांच्या मुलाने शॉपिंग कार्टमध्ये बसल्याबसल्या काढलं आणि ते सुटलं. आई गेली. तिच्याकडे परवाना होता, बंदुकीची तिला चांगली सवय होती, आणि ती पर्स खास पिस्तूल ठेवण्यासाठी बनवलेली, चेनच्या कप्प्याची होती. यातली एकही गोष्ट उपयोगी पडली नाही, कारण पर्स क्षणभर आईच्या अंगापासून दूर होती आणि मूल जवळ होतं. तुमचं धाकटं चार वर्षांचं आहे. शिवाय चोराला आधी हवी असते ती पर्सच. ती हिसकली गेली तर पैशांबरोबर पिस्तूलही त्याच्या हातात.

म्हणून पिस्तूल अंगावर. आणि अंगावर म्हणजे होल्स्टरमध्ये, नुसतं कमरेत खोचलेलं किंवा खिशात टाकलेलं नव्हे. होल्स्टर कायडेक्ससारख्या कडक प्लॅस्टिकचं, तुमच्या नेमक्या मॉडेलसाठी साच्यातून काढलेलं हवं. त्याने ट्रिगरचा भाग पूर्ण झाकला पाहिजे. दुकानात विचारत बसण्यापेक्षा घरी तपासा: पिस्तूल रिकामं करा, पुन्हा एकदा पाहून आणि बोटाने चाचपून रिकामं असल्याची खात्री करा, होल्स्टरमध्ये घाला, उलटं धरा आणि हलवा. निसटून पडलं तर ते होल्स्टर बाद. मग बाहेरून ट्रिगरच्या जागेवर अंगठ्याने जोरात दाबा. आतला ट्रिगर हलत असेल तरी बाद. मऊ कापडी, ‘सगळ्या पिस्तुलांना बसणारी’ स्वस्त होल्स्टर्स इथेच नापास होतात. कापडी तोंड दुमडून ट्रिगरगार्डमध्ये, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कडीत, शिरतं हा त्यांचा दुसरा दोष.

तुमची खरी अडचण कपड्यांची आहे. पुरुषांसाठी जीन्स, जाड पट्टा आणि वर सैल शर्ट एवढ्यावर काम होतं. तुम्ही दिवसभर स्क्रब्जमध्ये, म्हणजे दवाखान्यातल्या सैल पोशाखात, आणि स्क्रब्जची नाडी पिस्तुलाचं वजन पेलत नाही. विजार खाली ओढली जाते, होल्स्टर बाहेर कलंडतं आणि माणूस दर दहा मिनिटांनी कमरेला हात लावून ते सावरत बसतो. असा सारखा जाणारा हात म्हणजे जाहिरातच. यावर उपाय म्हणजे कपड्यांच्या आत कमरेला थेट बांधायचा स्वतंत्र पट्टा, ज्यावर कडक होल्स्टर पक्कं बसवलेलं असतं. मग वर स्क्रब्ज असोत, लेगिंग्ज असोत की पंजाबी ड्रेस, होल्स्टर कपड्यावर अवलंबून राहत नाही. पोटाला गुंडाळायचे इलॅस्टिकचे पट्टेही मिळतात. ते वापरायचेच तर ट्रिगर झाकणारं कडक कवच असलेलेच घ्यावेत.

जागा कोणती? उजव्या हाताच्या माणसासाठी उजव्या कमरेला, हाडाच्या किंचित मागे, ही नवशिक्यासाठी मला पसंत असलेली जागा. पुढे पोटाशी ठेवण्याचेही फायदे आहेत, पिस्तूल नजरेच्या टप्प्यात राहतं आणि गर्दीत मागून कुणाचा हात लागत नाही. पण तिथे नळीचा रोख स्वतःच्या मांडीकडे आणि ओटीपोटाकडे असतो, त्यामुळे परत ठेवतानाची शिस्त अंगात मुरेपर्यंत थांबलेलं बरं. पाठीच्या मणक्यावर, अगदी मधोमध, कधीच नको. मागे पडलात तर सगळा मार तिथे बसतो.

आणि काही दिवस असे असतात की कपड्याला पिस्तूल जमतच नाही. गणपतीत मंडळात नऊवारी नेसून, किंवा तुमचे यजमान कुर्ता-पायजम्यात. लांब कुर्ता झाकायला छान दिसतो, पण तो एका हाताने गुडघ्यापासून कमरेच्या वर ओढून काढेपर्यंत काय व्हायचं ते होऊन जाईल. त्यात ढोल-ताशा, लेझीम, कडेवर येणारी मुलं, मिठ्या मारणाऱ्या काकू. अशा दिवशी पिस्तूल सेफमध्ये. देवळात किंवा भाड्याच्या हॉलमध्ये बंदीची पाटी असू शकते हा वेगळाच भाग.

चेंबरमध्ये गोळी ठेवावी का? चांगल्या होल्स्टरमधलं, चांगल्या स्थितीतलं आधुनिक पिस्तूल ट्रिगर दाबल्याशिवाय सुटू नये अशीच त्याची रचना असते. आत फायरिंग पिन (काडतुसावर आदळून ते पेटवणारी पिन) अडवणारा भाग असतो, तो ट्रिगर मागे गेल्याशिवाय बाजूला होत नाही. अंगावर झडप पडते तेव्हा एक हात हल्लेखोराला रोखण्यात अडकलेला असतो आणि गोळी चेंबरमध्ये घेण्यासाठी स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) ओढायला दुसरा मोकळा असेलच असं नाही. म्हणून बाळगणाऱ्याने शेवटी गोळी चेंबरमध्ये ठेवूनच बाळगावं, असं माझं मत आहे. पण ‘शेवटी’ या शब्दावर माझा जोर आहे. पहिले काही आठवडे घरातल्या घरात, पूर्ण रिकामं पिस्तूल, मॅगझिनसुद्धा (गोळ्या भरायची पेटी) रिकामं, पण स्ट्रायकर (फायरिंग पिनचं काम करणारा आतला भाग) ताणलेला ठेवून होल्स्टरमध्ये घाला आणि घरची कामं करा. वाका, बसा, मुलीच्या बुटाच्या नाड्या बांधा, गाडीत बसून पट्टा लावा. रात्री काढून पाहा. ग्लॉकसारख्या पिस्तुलात ट्रिगर पुढेच असेल तर दिवसभरात तो कुणी दाबलेला नाही. मागे गेलेला दिसला तर होल्स्टर, कपडे किंवा सवय यांत काहीतरी चुकतंय, आणि ते रिकाम्या पिस्तुलाने कळलं हे उत्तम झालं. एवढं करूनही भरलेल्या चेंबरची धास्ती वाटत असेल तर ती दाबून टाकू नका. अजून सराव हवा, एवढाच त्याचा अर्थ.

सर्वांत धोक्याचा क्षण पिस्तूल काढतानाचा नसतो, परत होल्स्टरमध्ये ठेवतानाचा असतो. शर्टाचं टोक, जॅकेटच्या गळ्याची दोरी, स्क्रब्जची नाडी, ओढणीचा पदर, यांतलं काहीही ट्रिगरगार्डमध्ये शिरलं आणि आपण पिस्तूल खाली दाबलं की ते कापडच बोटाचं काम करतं. म्हणून परत ठेवताना घाई करण्याचं काहीही कारण नाही. बोट ट्रिगरपासून दूर, स्लाइडच्या कडेला सरळ. दुसऱ्या हाताने कपडा वर छातीपर्यंत घट्ट धरा. मान खाली घालून होल्स्टरचं तोंड डोळ्यांनी पाहा. हळूच घाला. जरा जरी अडल्यासारखं वाटलं तर थांबा, बाहेर काढा, पुन्हा पाहा. जोर लावायचा नाही. याहून चांगलं म्हणजे होल्स्टर अंगावरून काढून, पिस्तूल टेबलावर सुरक्षित दिशेला रोखून त्यात बसवा, आणि मग दोन्ही एकत्र कमरेला लावा. रात्री काढतानाही तसंच: पिस्तूल होल्स्टरमधून न काढता पट्ट्यासकट उतरवून सेफमध्ये. ट्रिगर सबंध वेळ झाकलेला राहतो.

रोज रात्री चेंबर रिकामं करून सकाळी पुन्हा भरण्याची सवय लावून घेऊ नका. हाताळणी जितकी जास्त तितका धोका जास्त, आणि एकच काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये ढकललं की त्याची गोळी पितळी नळकांड्यात आत सरकते. ते झाडताना आतला दाब वाढतो. काडतूस इतरांपेक्षा आखूड दिसलं तर ते वापरायचं नाही.

पिस्तूल हातातून निसटलं तर पडू द्या. पडणारी वस्तू झेलायला हात आपोआप जातो आणि बोट बरोबर ट्रिगरवर पडतं. आजची पिस्तुलं पडल्याने सहसा सुटत नाहीत, झेलल्याने सुटतात.

सार्वजनिक स्वच्छतागृहाबद्दल कुणी विचारत नाही, पण पिस्तुलं विसरली जातात ती तिथे. कमोडच्या टाकीवर, कागदाच्या डब्यावर, दाराच्या हुकाला ट्रिगरगार्डने अडकवून ठेवलेली, आणि पुढच्या बाईच्या पाच वर्षांच्या मुलीला सापडलेली. पिस्तूल होल्स्टरमधून काढायचंच नाही. कपडे खाली घेताना होल्स्टर पट्ट्यासकट गुडघ्यांच्या मध्ये, आतल्या बाजूला धरून ठेवा, शेजारच्या कप्प्यातून दिसणार नाही असं. कपड्यांच्या आतल्या स्वतंत्र पट्ट्याचा इथेही फायदा आहे, तो मुळी सोडावाच लागत नाही.

क्लिनिकमध्ये रुग्णाच्या तोंडावर वाकून काम करताना कमरेला पिस्तूल ठेवू नका. ते रुततं, दिसतं, आणि गुंगीतून उठणाऱ्या रुग्णाचा हात कुठे जाईल सांगता येत नाही. तुमच्या खासगी ऑफिसात भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने बसवलेली छोटी सेफ घ्या, सकाळी होल्स्टरसकट आत, रात्री कुलूप लावण्याआधी होल्स्टरसकट अंगावर. तुम्हाला त्याची गरज आहे ती त्या पार्किंगमधल्या शंभर पावलांसाठी.

गाडीत पिस्तूल ठेवून जाऊ नका. तुमच्याच पार्किंगमध्ये गाड्या फुटल्यात, म्हणजे तुम्ही चोराला शस्त्र पुरवाल. जिथे पिस्तूल नेता येत नाही अशा ठिकाणी अचानक जावंच लागलं तर सीटखाली पोलादी दोरीने जखडलेल्या पेटीत, आणि तेही तेवढ्या वेळापुरतं.

घरात मुलं आहेत, तेव्हा हे सविस्तर. टेक्ससमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हा गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. पटकन उघडणारी, बटणांच्या कोडची सेफ घ्या, पलंगाच्या चौकटीला किंवा कपाटाला बोल्टने जखडलेली. कोड मुलांच्या वाढदिवसाचा नको, नऊ वर्षांचा मुलगा तो पहिल्या पाच मिनिटांत लावून पाहील. मुलांना पिस्तूल कुठे आहे ते माहीत नाही, यावर विसंबू नका. मुलांना घरातली प्रत्येक जागा माहीत असते. त्यांना चार गोष्टी शिकवा, कुठेही बंदूक दिसली तर: थांब, हात लावू नको, तिथून निघून जा, मोठ्या माणसाला सांग. आणि ते दुसऱ्याच्या घरी खेळायला जाणार असतील तेव्हा ‘तुमच्याकडे बंदूक आहे का, कुलपात आहे का’ हे त्या आईला सरळ विचारा. आपल्याकडे असं विचारणं जड जातं. ॲलर्जीबद्दल विचारतो ना, त्याच दमात विचारायचं. शनिवारच्या आपल्या जेवणावळींना मोठी माणसं खाली गप्पा मारत असतात आणि दहा-बारा मुलं वरच्या बेडरूममध्ये असतात, हे लक्षात ठेवा.

यापेक्षाही महत्त्वाचं एक आहे. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली, त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. म्हणजे निम्म्याहून जास्त. घरात कुणी खचलेलं असेल, नोकरी गेलेली, घटस्फोट चाललेला, बाळंतपणानंतरचं नैराश्य, आणि आपल्याकडे व्हिसाच्या अनिश्चिततेने पोखरलेला भाऊ किंवा मेव्हणा, तर त्या काळात पिस्तूल घरात नको. काही बंदुकीची दुकानं आणि रेंज तात्पुरतं ठेवून घेतात. स्वतःलाच तसं वाटत असेल तर ९८८ या मदतीच्या नंबरावर फोन करा, दिवसरात्र कुणीतरी बोलायला असतं. ही गोष्ट मी प्रत्येक वर्गात सांगते आणि वर्ग सुटल्यावर कुणीतरी हमखास थांबून बोलतं.

कुठे न्यायचं नाही, ते पाटीवर लिहिलेलं असतं. टेक्ससमध्ये ३०.०६ क्रमांकाची पाटी म्हणजे परवानाधारकालाही लपवलेलं पिस्तूल आणता येणार नाही. ३०.०७ उघड बाळगण्यासाठी, आणि परवाना नसलेल्यांसाठी ३०.०५. पाटी इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, किमान एक इंच उंच अक्षरांत असते. लाल ५१ लिहिलेली पाटी म्हणजे निम्म्याहून जास्त उत्पन्न दारूचं असलेली जागा, तिथे अजिबात नाही. कोर्ट, मतदान केंद्र आणि फेडरल इमारती याही बंद. यातली आपल्या लोकांना नडणारी एक म्हणजे इमिग्रेशनचं ऑफिस. उद्या नागरिकत्वाच्या मुलाखतीला जाल त्या दिवशी पिस्तूल घरी. दारू प्यायची असेल तर पिस्तूल आधी कुलपात, एक ग्लास वाइनसाठीसुद्धा.

राज्याची सीमा ओलांडली की सगळं बदलतं. २०१३ साली पेनसिल्व्हेनियाचा परवाना असलेली एक आई न्यू जर्सीत गाडी चालवत होती. पोलिसाने थांबवल्यावर तिने स्वतःहून प्रामाणिकपणे सांगितलं की आपल्याजवळ पिस्तूल आहे. तिला अटक झाली, कारण न्यू जर्सी तो परवाना मानत नाही. गव्हर्नरने २०१५ मध्ये तिला माफी दिली. न्यू जर्सीतल्या एडिसनला तुमची नणंद राहते म्हणालात, म्हणून सांगते: टेक्ससचा परवाना न्यू जर्सीत चालत नाही, न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियातही नाही.

पोलिसाने गाडी थांबवली तर दोन्ही हात स्टीअरिंगवर, आतला दिवा लावा, आणि ओळखपत्र मागितलं की ड्रायव्हिंग लायसन्सबरोबर कॅरीचा परवानाही द्या. टेक्ससमध्ये ते बंधनकारक आहे. ‘पिस्तूल उजव्या कमरेला आहे, मी हात कुठे नेऊ ते सांगा’ एवढं शांतपणे बोला. ‘माझ्याकडे गन आहे’ असं वाक्य सुरुवातीलाच टाकू नका. ते धमकीसारखं ऐकू जातं.

झाडायचं कधी? कुणीतरी आत्ता, या क्षणी, तुम्हाला किंवा तुमच्या माणसाला ठार किंवा गंभीर जखमी करणार असेल आणि दुसरा मार्ग नसेल तेव्हाच. टेक्ससचा कायदा मालमत्तेच्या बाबतीत बराच मोकळा आहे हे खरं, पण मी विद्यार्थिनींना सांगते की गाडी, पर्स, दागिने देऊन टाका. पाठ फिरवून पळणाऱ्यावर कधीही नाही. पार्किंगमध्ये कुणी शिव्या दिल्या, कट मारला, तर तुम्हीच माफी मागून निघून जा. कमरेला पिस्तूल असलेल्या माणसाला भांडण परवडत नाही, आणि धाक म्हणून नुसतं दाखवणंही गुन्हा ठरू शकतो. तसं काही घडलंच तर सुरक्षित ठिकाणी जा, स्वतः ९११ ला फोन करा, पोलीस येण्याआधी पिस्तूल परत होल्स्टरमध्ये ठेवा, आणि सविस्तर जबाब वकील आल्यावरच द्या.

खरं तर तुमच्या शंभर पावलांचा प्रश्न बऱ्याच अंशी पिस्तुलाशिवाय सुटतो. मालकाला सांगून पार्किंगचे दिवे वाढवा. संध्याकाळी मधल्या सुट्टीत गाडी दारासमोर आणून लावा. असिस्टंटबरोबर एकत्र बाहेर पडा. हातात किल्ली आणि टॉर्च असू द्या, फोन नको. आणि पेपर स्प्रे घ्या. अंगाशी येऊ पाहणाऱ्या दारुड्यापासून सुटायला पिस्तूल हे उत्तरच नाही, आणि स्प्रे नसेल तर हातात दुसरं काही उरत नाही.

आता राहिलं पिस्तूल. ९ एमएम घ्या, गोळ्या सहज मिळतात आणि धक्का सोसवतो. अगदी छोटं, हातात मावतं म्हणून गोड दिसणारं घेऊ नका. छोट्या पिस्तुलाचा झटका जास्त, पकड अपुरी, आणि सराव नकोसा होतो. सिग पी३६५ आणि स्मिथ अँड वेसन शील्ड यांचा आकार बायकांना साधारण जमतो, ग्लॉक १९ थोडं मोठं पण शिकायला सोपं. रेंजवर तिन्ही भाड्याने घेऊन प्रत्येकी ५० गोळ्या मारा. स्लाइड तुम्हाला स्वतःला ओढता येते का आणि मॅगझिन भरता येतं का, ते पाहा. दुकानदार ‘लेडीज पिस्तूल’ म्हणून गुलाबी काहीतरी पुढे सरकवेल, ते बाजूला ठेवा. पिस्तुलाइतकेच पैसे होल्स्टर, सेफ आणि शिकवणी यांच्यासाठी काढून ठेवा. हे बजेटमध्ये बसत नसेल तर खरेदी पुढे ढकला. महिन्यातून एकदा रेंज, आणि घरी रिकाम्या पिस्तुलाचा सराव असा करा की गोळ्या त्या खोलीतच नसतील. ह्यूस्टनच्या दमट उन्हाळ्यात घामाने गंज धरतो, म्हणून आठवड्याला तेलाचा फडका, आणि नळीत साठणारा कापडाचा भुगाही झटका. रक्तस्राव थांबवण्याचा एक छोटा वर्ग करून टूर्निकेट (हातपाय आवळून रक्त थांबवायचा पट्टा) बॅगेत ठेवा. गाडीच्या अपघातातही तो कामी येतो.

शेवटी भारतात जाण्याबद्दल. रेंजला नेलेली बॅग प्रवासाला वापरू नका, कधीच. अस्तराच्या फटीत राहिलेलं एक काडतूस मुंबईच्या विमानतळावर क्ष-किरणात दिसलं तर शस्त्र कायदा, १९५९ खाली गुन्हा दाखल होतो. जाणीवपूर्वक ताबा नव्हता हे कोर्टात सिद्ध होऊन पुष्कळ लोक सुटतात, पण तोवर सुट्टी, तिकिटं आणि आईवडिलांची झोप गेलेली असते. इथल्या विमानतळांवरही हाच प्रकार: २०२३ मध्ये टीएसएने (विमानतळांची सुरक्षा तपासणी करणारी सरकारी यंत्रणा) तपासणीत ६,७३७ बंदुका पकडल्या, त्यांतल्या सुमारे ९३ टक्के भरलेल्या होत्या, आणि बहुतेकांचं म्हणणं एकच, बॅगेत आहे हे विसरलो. रेंजसाठी वेगळ्या रंगाची बॅग घ्या, तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा आणि ती गॅरेजमध्ये कुलपात राहू द्या.